नाना चालवत होते

नाशिक
२० सप्टेंबर १९९९

ती. सिंधुमावशीस,
सा. न.

पत्र बघून दचकू नकोस, घरी सगळे ठणठणीत आहेत. आईचे गुडघे कुरकुरतात, पण गुडघ्यांपेक्षा आईच जास्त कुरकुरते. काम माझं आहे. फोन केला असता, पण तुमच्या धामणवाडीतला फोन वाण्याच्या दुकानात. दुकानात बोललेलं संध्याकाळपर्यंत गावभर होतं, हे तूच मला सांगितलं आहेस.

तू सगळ्यांना सांगतेस की आमची योगिनी कोर्टात साहेब आहे. साहेब वगैरे काही नाही, प्रोबेशन ऑफिसर आहे. म्हणजे आरोपीचं घरदार, वागणूक बघून अहवाल लिहायचा आणि मॅजिस्ट्रेटसाहेबांना द्यायचा. यंदा आमच्या साहेबांनी एक नवीन प्रयोग सुरू केलाय. दारू पिऊन गाडी चालवताना जे दुसऱ्यांदा सापडतात, त्यांच्यातल्या काहींना तुरुंगात न धाडता वर्षभर बाँडवर सोडायचं. त्यांनी व्यसनमुक्ती केंद्रात जायचं आणि दर शनिवारी साहेबांसमोर उभं राहून आठवडा कसा गेला ते सगळ्यांदेखत सांगायचं. लोक त्याला शनिवारचं कोर्ट म्हणतात. खुर्च्या थोड्या आणि माणसं ढीगभर. कोणाला आत घ्यायचं आणि कोणाला तुरुंगात जाऊ द्यायचं, ते माझ्या अहवालावर ठरतं. साहेबांचे नियम दोनच. त्याला खरंच व्यसन असलं पाहिजे, आणि ते त्याने स्वतःच्या तोंडाने कबूल केलं पाहिजे.

तर तुमच्या गावचा एक जीवन आहे. टेम्पोवाला. झेंडू आणि भाजी घेऊन नाशिकच्या मार्केटला येतो. वडील गोटीराम वारले, घरी आई नवसाबाई. गेल्या वर्षी एकदा सापडला, यंदा ऑगस्टमध्ये पुन्हा. सिव्हिल हॉस्पिटलच्या तपासणीत दोन्ही वेळा रक्तात दारू निघाली, आणि हा म्हणतो मी दारूला शिवत नाही. आता असल्याचं काय करायचं? तुझं घर त्यांच्या घराला लागून आहे असं पत्त्यावरून दिसतं. मुलगा कसा आहे, खरं खरं कळव. हे आपल्या दोघींतच राहू दे. काकांना नमस्कार, भाग्यश्रीला आशीर्वाद.

तुझी
योगिनी

*

धामणवाडी, ता. निफाड
२८ सप्टेंबर १९९९

चि. योगिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र बालवाडीत पोरांचा भात वाढताना मिळालं. हात धुऊन वाचलं आणि पुन्हा एकदा वाचलं. अगं, जीवन आणि दारू! त्या पोराला मी नाक पुसायचं शिकवलंय. सुपारीचं खांड खात नाही तो. गटारीला सगळं गाव आडवं असतं तेव्हा हा आईला मंदिरात घेऊन जातो. तुमच्या सिव्हिलवाल्यांनी कोणाच्या बाटलीतलं रक्त कोणाच्या नावावर टाकलं असेल, देव जाणे.

त्याच्या बापाचं मात्र खरं आहे. गोटीराम माणूस दिलदार, पण प्यायचा. पाच वर्षांपूर्वी ओझरच्या अलीकडे बाभळीच्या वळणावर टेम्पो उलटून गेला. जीवन शेजारच्या सीटवर होता, त्याला खरचटलंसुद्धा नाही. तेव्हापासून नवसाबाई निम्मीच राहिली आहे. पोरानं घर सावरलं, टेम्पो दुरुस्त करून पुन्हा रस्त्यावर आणला.

म्हणून तुला हात जोडून सांगते, त्याला त्या शनिवारच्या भानगडीत घालू नकोस. दंड भरून घ्या आणि मोकळं करा. एकदा का पोरगा दारुड्यांच्या कोर्टात जातो असं झालं, की त्याला मुलगी कोण देईल? लग्नाच्या वयाचा आहे. तू शिकलेली आहेस, तुला जास्त काय सांगू.

रंगनाथकाका द्राक्षाच्या छाटणीत बुडालेत. भाग्यश्री शिवणाच्या क्लासला जाते. बाकी ठीक.

तुझी मावशी
सिंधु

*

नाशिक
४ ऑक्टोबर १९९९

ती. मावशीस,
सा. न.

दंड भरून सुटायची सोय आता राहिली नाही गं. दुसरी वेळ आहे. एक तर शनिवारचं कोर्ट, नाही तर तुरुंग. मधलं काही नाही, म्हणून तर माझी झोप उडाली आहे.

परवा जीवनला बोलावलं होतं. तू म्हणतेस तसाच आहे, सभ्य, खाली मान घालून बोलणारा. मी रोज प्यायलेली माणसं बघते. त्यांच्या बोलण्यात एक चलाखी असते, आई आजारी होती, मित्रानं आग्रह केला, खोकल्याचं औषध होतं. याच्यात तसलं काही नाही. आणि तरीही सांगते, तो गेल्यावर मी त्याचा पंचनामा पुन्हा काढून वाचला.

पंचनाम्यातच एक विचित्र गोष्ट आहे. दोन्ही वेळा भरदुपारी, दोन्ही वेळा त्याच बाभळीच्या वळणावर. टेम्पो रस्त्याच्या मध्ये उभा, इंजिन चालू. आणि जीवन ड्रायव्हरच्या सीटवर नाही, डावीकडे क्लीनरच्या जागेवर बसलेला. हवालदारानं लिहिलंय की हात गुडघ्यांवर ठेवून तो उजवीकडे बघत होता, कोणी सांगतंय आणि हा ऐकतोय असा. गाडीत दुसरं माणूस नाही.

मी विचारलं, "जीवन, गाडी कोण चालवत होतं?"

तो म्हणाला, "नाना चालवत होते, मॅडम."

"नाना म्हणजे?"

"वडील माझे. प्यायलेले होते ते. मी लई सांगितलं, नाना बाजूला घ्या, बाजूला घ्या. ऐकत नाय ते."

मावशी, बसची वेळ सांगावी इतक्या साधेपणाने सांगितलं त्याने. केंद्रातले डॉक्टर म्हणतात, बापाच्या शेजारी बसून बापाचा मृत्यू बघितलेला मुलगा आहे, त्याच्या मनाने दारूचा दोष बापावर टाकलाय. पटतं मला. पण मग मी भिंतीवरचं कॅलेंडर काढून बसले. ऑगस्टमधला दिवस गटारीचा, म्हणून मी तिकडे लक्षच दिलं नव्हतं. गटारीला कोण पीत नाही! पण गेल्या वर्षीचा दिवसही अमावस्येचा निघाला, मार्गशीर्षातल्या.

त्यांच्या घरात अमावस्येला काय होतं? येत्या शनिवारी सर्वपित्री आहे. काही तरी निमित्त काढून जा आणि बघून ये. साहेबांनी महिनाअखेरपर्यंत अहवाल मागितलाय.

तुझी
योगिनी

*

धामणवाडी
१२ ऑक्टोबर १९९९

चि. योगिनीस,
आशीर्वाद.

गेले होते. अळूची पानं द्यायच्या निमित्तानं गेले आणि तिथेच रेंगाळले.

सर्वपित्रीला आपल्याकडे गेलेल्याच्या आवडीचं पानावर वाढतात, हे तुला माहीत आहे. आपल्या आजोबांना आपण तपकीर ठेवतो. कोणी विडी ठेवतं, कोणी मटण. नवसाबाई गोटीरामला देशीची क्वार्टर ठेवते. त्यात जगावेगळं काही नाही, गावात चार घरी ठेवतात. पण ही बाई वर्षातून एकदा ठेवून थांबली नाही. दर अमावस्येला ठेवते. आणि पान कावळ्यासाठी पत्र्यावर ठेवत नाही. टेम्पोचं दार उघडून ड्रायव्हरच्या सीटवर ठेवते, शेजारी स्टीलच्या पेल्यात ती दारू ओतून. म्हणते, "त्यांचा जीव गाडीतच गेला, जेवायला दुसरीकडं कशाला येतील?"

आणि नैवेद्य वाया घालवायचा नाही, तो घरातल्याच माणसानं घ्यायचा. घरात माणूस कोण? जीवन. दुपारी पान उचललं, पोरानं भात खाल्ला आणि तो पेला डोळे मिटून, एरंडेल घ्यावं तसा, एका दमात घेतला. मी बघत होते. तोंड वाकडं केलं नाही त्यानं. मग टेम्पो काढायची वेळ झाली, लिलावाला पोचायचं होतं. म्हणजे तो खोटं बोलत नाही बघ. त्याच्या हिशेबी ती दारू बापाची. प्रसाद घेतला तर कोणी मी जेवलो म्हणतं का?

आता पुढचं लिहू की नको असं झालंय. जीवन डावीकडून चढला. मी अंगणात समोरच उभी होते. डाव्या दारानं चढला, दार ओढून घेतलं आणि बसला. मला वाटलं सरकेल उजवीकडे. टेम्पो सुरू झाला. स्टेअरिंग फिरलं. टेम्पो अंगणातून वळून रस्त्याला लागला आणि जीवन त्याच डाव्या खिडकीत होता, मला हात करत होता. काचेवर ऊन होतं, आणि माझ्या चष्म्याचा नंबर बदलायचा राहिलाय. तेवढंच असणार. त्या दिवशी तो सुखरूप परतही आला.

तर पोरगा दारुडा नाही हे सिद्ध झालं. आता तसं लिही आणि त्याला सोडव.

तुझी मावशी
सिंधु

*

नाशिक
१९ ऑक्टोबर १९९९

मावशी,

हे पत्र मी रागात लिहितेय, हे आधीच सांगते.

तुझं पत्र मिळालं त्याच दिवशी जीवन हजेरीला आला होता. मी त्याला म्हटलं, घरी आईशिवाय कोणी आहे का जबाबदारी घेणारं? लाजला आणि म्हणाला, "आता लग्न हाय ना मॅडम. सिंधुकाकूंच्या भाग्यश्रीशी. तुमची बहीणच की ती."

तू मला दोन-दोन पत्रं लिहिलीस आणि हे लिहिलं नाहीस! मुलगी कोण देईल म्हणून मला विचारतेस, आणि मुलगी तुझीच! मी तुला शेजारी म्हणून विचारत होते, तू सासू म्हणून उत्तर देत होतीस. माझ्या हातून उद्या चुकीचा अहवाल गेला असता तर नोकरीचं जाऊ दे, भाग्यश्रीला मी कोणत्या गाडीत बसवून दिलं असतं याचा तरी विचार कर.

आणि तू म्हणतेस तसं लिहिलं तर काय होईल ते ऐक. दारुडा नाही असं लिहिलं, तर साहेब म्हणणार मग उपचार कशाचे करायचे? खुर्ची दुसऱ्या गरजवंताला द्या आणि याला तुरुंगात पाठवा. दारुडा आहे असं लिहिलं, तर ते खोटं. माझ्याकडे खंडेराव नावाचा लासलगावचा ट्रक ड्रायव्हर आहे. सकाळी हात थरथरतात म्हणून आधी घोट घेतो आणि मग चावी हातात घेतो. त्याच्याबद्दल मला एक मिनिटही विचार करावा लागला नाही. जीवनला व्यसन नाही, मित्र नाहीत, बाटली लपवायची जागा नाही. असा माणूस कोणत्या रकान्यात घालतात?

शेवटी मी साहेबांपुढे सगळं ठेवलं. आरोपीचं लग्न माझ्या मावसबहिणीशी ठरलंय हेसुद्धा. ते म्हणाले, "मग तुमचं मत बाजूला ठेवा, मी त्यालाच विचारतो."

त्यांनी विचारलं, "त्या दिवशी प्यायला होतास?"

"नाय साहेब."

"दारू कोणाच्या पोटात गेली?"

जीवनने एकदा उजवीकडे बघितलं. मग म्हणाला, "पोटात माझ्या गेली."

"बस," साहेब म्हणाले. "मला एवढी कबुली पुरे आहे. घ्या याला."

तर घेतलाय. अटी नीट वाच. वर्षभर लायसन्स जप्त. टेम्पो दारात उभा राहील, माल दुसऱ्याच्या गाडीने जाईल. टेम्पोची चावी तुझ्याकडे राहील, कारण जावई तुझा आहे. आणि दारूचा नैवेद्य बंद, दिवाळीच्या अमावस्येपासूनच. नवसाबाईंना तूच समजाव.

योगिनी

*

धामणवाडी
१५ नोव्हेंबर १९९९

चि. योगिनीस,
आशीर्वाद.

पत्राला उशीर झाला. आधी रुसले होते, मग दिवाळी आली, मग रुसवा कशावरून होता तेच आठवेना. तू बोललीस ते बरोबर बोललीस. मी लपवलं, कारण बोलणी नुसती झाली होती, सुपारी फुटायची होती, आणि भाग्यश्रीचा जीव त्या पोरात अडकलेला. आईचं पोट फार लबाड असतं. तुला मूल झालं की कळेल, तोपर्यंत मला शिव्या घाल.

चावी माझ्याकडे आहे, साखरेच्या डब्यात. नवसाबाईला सांगायला गेले तेव्हा ती भांडली नाही. भांडली असती तर बरं झालं असतं. नुसती म्हणाली, "माझा माणूस उपाशी राहील, सिंधुबाई. उपाशी माणूस दारोदार जातो." मी म्हटलं, पुरणपोळी ठेवा. ती उठून आत गेली.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी मी मुद्दाम अंगणात रांगोळीला बसले, टेम्पोकडे डोळा ठेवून. दारूचा पेला नव्हता, पान नव्हतं, जीवन आत झोपलेला. काही झालं नाही. फक्त एकदा हॉर्न वाजला. एकदाच, अर्धवट. आत कोणी नव्हतं. काका म्हणाले वायर शॉर्ट झाली असेल, जुनी गाडी आहे. त्यांनी बॉनेट उघडून वायर काढून टाकली आणि मी रांगोळी पुरी केली.

लग्न याच महिन्याच्या शेवटी करायचं म्हणतो. कोर्टाची हरकत नाही ना?

तुझी मावशी
सिंधु

*

नाशिक
२२ नोव्हेंबर १९९९

ती. मावशीस,
सा. न.

हरकत कसली, साहेबांनी स्वतः पेढे मागितलेत. म्हणाले, घरात बायको आली की माणूस सावरतो. मी मनात म्हटलं, आणि बायकोला कोण सावरतं? पण हे आपलं माझं नेहमीचं.

जीवन एकही शनिवार चुकला नाही. आमच्याकडे सगळे खुर्च्यांवर अर्धगोलात बसतात. तो नेहमी डाव्या टोकाची खुर्ची घेतो आणि त्याच्या उजव्या हाताची खुर्ची रिकामी राहते. आधी मला वाटलं योगायोग. गेल्या शनिवारी गर्दी होती, खंडेराव उशिरा आला, उभा राहिला, पण त्या खुर्चीवर बसेना. मी म्हटलं, बसा की. तो म्हणाला, "मॅडम, तिथं वास येतोय." पंधरा दिवस झाले खंडेरावाने दारू सोडलीय, अशा माणसाच्या नाकाला कुठेही वास येतो. मी स्वतः जाऊन बसणार होते. का बसले नाही, ते मला सांगता येणार नाही. साहेबांनी पुकारा सुरू केला आणि मी भिंतीशी उभीच राहिले.

साहेबांनी जीवनला विचारलं, ती खुर्ची कोणाची? तो म्हणाला, "नानांची. त्यांनाबी ऐकू द्या साहेब." सगळे हसले. साहेबही हसले. मला हसू आलं नाही, पण खरं सांगू, मला वाईटही वाटलं नाही. म्हटलं, ज्याच्यावर खटला चालायला हवा तो एकदाचा कोर्टात तर येऊन बसला.

लग्नाला आईला घेऊन येते. भाग्यश्रीसाठी पैठणी नको, साधी येवल्याची काठपदरी घेतलीय, रोज नेसेल.

तुझी
योगिनी

*

धामणवाडी
१४ डिसेंबर १९९९

चि. योगिनीस,
आशीर्वाद.

लग्नात तुझी धावपळ बघून सगळे विचारत होते, नवरीची बहीण कोण आणि कोर्टवाली कोण. मी म्हटलं दोन्ही एकच, जरा जपून बोला.

भाग्यश्री रुळली. मला धाकधूक होती, नवसाबाई तशी अबोल. पण सासू-सुनेचं असं जमलंय की माझ्याच पोटात दुखतंय. स्वयंपाक मिळून, देवपूजा मिळून. अमावस्येला सकाळी पोरगी चावी मागायला आली. मी म्हटलं, कोर्टाची चावी आहे ती, मिळणार नाही. तर म्हणते, "आई, गाडी नुसती आतून पुसून काढते गं. धूळ बसलीय, कोळ्यांनी घर केलंय. हळद-कुंकू लावते आणि आणून देते. मला काय चालवता येतेय?" खरंच, तिला सायकलसुद्धा येत नाही. दिली. दुपारी चावी परत आणून दिली, गाल लाल झालेले, जरा जास्तच बडबडत होती. नव्या नवरीचे गाल लालच असायचे. मी दृष्ट काढली.

नवसाबाई भेटली विहिरीवर. पुष्कळ दिवसांनी हसताना दिसली. म्हणाली, "आता घरात माणूस वाढलं, सिंधुबाई. काळजी मिटली." ऐकून मला बरं वाटलं. सून म्हणून तिनं माझ्या पोरीला माणसात धरलं, अजून काय हवं.

जीवनचं कसं चाललंय? घरी शांत असतो. मध्येच हसतो, हलका झाल्यासारखा.

तुझी मावशी
सिंधु

*

नाशिक
३ जानेवारी २०००

ती. मावशीस,
सा. न.

नव्या सालाची सुरुवात तुला गोड बातमी देऊन करते. जीवन आमच्या शनिवारच्या कोर्टातला सगळ्यात चांगला माणूस ठरलाय. साहेबांनी सगळ्यांदेखत टाळ्या वाजवायला लावल्या. आता पंधरा दिवस त्याला केंद्रात राहायला बोलावलंय, नवीन आलेल्यांना धीर द्यायला. कालच आला, पिशवीत भाग्यश्रीनं दिलेले लाडू घेऊन. म्हणजे या अमावस्येला तो गावातच नाही, माझ्या डोळ्यांसमोर आहे. तूही निर्धास्त हो.

आणि तुला एक गंमत सांगते. ती रिकामी खुर्ची आता रिकामी राहत नाही. डिसेंबरमधल्या एका शनिवारी मी बघितलं, खंडेराव सरळ जाऊन तिच्यावर बसला, पाय पसरून. कोणाला काही वाटलं नाही. वास नाही, काही नाही. जीवन स्वतः मध्ये बसायला लागलाय. मी त्याला विचारलं, "काय रे, नाना नाही आले?"

तो म्हणाला, "नाना आता येत नायत, मॅडम. गेले."

"कुठे गेले?"

"घरी."

किती साधा शब्द बघ. डॉक्टर म्हणाले हेच व्हायला हवं होतं, त्याच्या मनानं बापाला निरोप दिला. मावशी, मी अहवालात लिहिलं की हा मनुष्य बरा झाला आहे. लिहिताना माझे डोळे भरून आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा वाटलं की आपण निवडलेला माणूस बरोबर निवडला.

संक्रांतीला येईन. भाग्यश्रीची पहिली संक्रांत, हलव्याचे दागिने मी आणते.

तुझी
योगिनी

*

धामणवाडी
८ जानेवारी २०००

योगिनी,

हे पत्र काका स्वतः नाशिकला घेऊन येताहेत. त्यांच्यासमोर वाच, पण त्यांना काही विचारू नकोस. 

परवा अमावस्या. पोरगी सकाळी चावीला आली, मी दिली. गेल्या वेळी दिली तशी दिली. तुझं पत्र नुकतंच वाचलं होतं, मन भरलेलं होतं, जावई नाशिकात, गाडी चालवणारं घरात कोणी नाही. माझ्या हातानं डब्यातून काढून दिली गं.

दुपारी बालवाडीतून परत आले तर अंगणात टेम्पो नाही. नवसाबाई ओट्यावर बसलेली, रिकामं पान मांडीवर घेऊन. मी ओरडले, "गाडी कुठंय? भाग्यश्री कुठंय?" ती अगदी शांतपणे म्हणाली, "जेवण झालं, लेकीला घेऊन गेले फिरायला." मग मला सगळं उलगडलं. तू नैवेद्य बंद केलास, मी बंद झाला म्हणून तुला कळवलं, आणि तो एक दिवाळी सोडली तर बंद झालाच नव्हता. नैवेद्य घरातल्या माणसानं घ्यायचा, आणि आता माझी पोरगी त्या घरातलं माणूस होती. डिसेंबरातले ते लाल गाल! मी दृष्ट काढत बसले होते.

काका आणि मी मोटरसायकलवरून सुटलो. बाभळीच्या वळणावर टेम्पो रस्त्याच्या मध्ये आडवा उभा होता. इंजिन चालू. समोरून उसाची ट्रॉली आलेली, तिच्या ड्रायव्हरनं कसाबसा ब्रेक मारलेला, ट्रॅक्टरचं तोंड आणि आपली काच यांत हातभर अंतर नव्हतं. तो ट्रॉलीवाला पोरगा शेतात जाऊन बसला होता. काकांना म्हणाला, "मी बघितलं बाबा, आत म्हातारा व्हता. हसत व्हता." मग म्हणाला, नाय, कोणी नव्हतं, उन्हाचं दिसलं.

भाग्यश्री डाव्या सीटवर होती. तू घेतलेल्या काठपदरीत. हात गुडघ्यांवर, मान उजवीकडे. मी दार उघडलं तर दारूचा भपकारा आला. तिला हलवलं तेव्हा तिनं माझ्याकडे बघितलं, ओळखलं, आणि म्हणाली, "आई, तू कशाला आलीस? नाना सोडणार होते घरी."

मी विचारलं, बाई, गाडी कोणी आणली इथपर्यंत? तुला गिअर कुठे असतो ते तरी माहीत आहे का? ती म्हणाली, "नाना चालवत होते. मी लई सांगितलं बाजूला घ्या."

पोलीस आले. रक्त घेतलं. तुझ्या नियमात जीवन बसत नव्हता तर तू साहेबांपुढे जाऊन जागा केलीस. ही तर ड्रायव्हरही नाही, दारुडीही नाही, आणि विचारलं तर पोटात गेली एवढंसुद्धा कबूल करत नाही. म्हणते, मी नाही प्यायले, नानांनी घेतली. रात्रभर पोरीला कुशीत घेऊन बसले. ती माझ्याकडे पाठ करून उजवीकडे तोंड करून झोपते, आणि झोपेत मान हलवते, हो हो म्हटल्यासारखी.

पुढच्या अमावस्येआधी मला सांग. तुझ्या शनिवारच्या कोर्टात बायकांना घेतात का गं?

सिंधु